अकरापैकी दहा

पार्सल पुण्याहून आलं. खोक्याचा एक कोपरा दबलेला,
पण तो मी धरत नाही.
खोकं जपणाऱ्यांची जात वेगळी.

गंजगोलाईच्या मागं, नटबोल्टच्या दुकानावर माझी लॅब.
खाली लोखंड, वर दात.
औशाच्या, निलंग्याच्या, मुरूडच्या जबड्यांचे साचे
फळीवर नावानिशी वाळत असतात.
रात्री साडेनऊला शटर अर्धं ओढलं
आणि त्याच दिव्याखाली, त्याच भिंगातून
उल्काधर पाहिला.
एक वीत उंच.

आधी शिवण.
साच्याच्या दोन फाका मिळतात तिथं रेघ उरते.
याची बगलेत होती, पोटरीला होती,
चेहऱ्यावर नव्हती.
म्हणजे लोक आधी कुठं बघतात
ते घासणाऱ्याला ठाऊक होतं.
असेल कुणी, माझ्यासारखाच, नगावर पैसे घेणारा.

गुडघा दोनदा वळतो, कट् कट्. चांगला.
कोपर घट्ट.
मान मात्र सैल. एकदा हो म्हटलं की
थांबत नाही, होच म्हणत राहते,
उधारी मागायला गेल्यावर डॉक्टर म्हणतात तसं.

ओरडणाऱ्या चेहऱ्यातले दात
माझ्या पट्टीला लावून पाहिले.
पट्टीवर सोळा तऱ्हेचे पांढरे आहेत,
त्यांतला एकही जुळेना.
या माणसानं बोअरचं पाणी प्यालेलं नाही,
तंबाखू तर लांबच.
रंगाचा अर्धा गुण कापला.

अंगरख्याच्या काठात तार आहे,
वाकवली की वारा नसतानाही तो फडफडतो.
हे मला फार आवडलं. दोनदा केलं.

मग पिशवीतलं सामान हिरव्या फडक्यावर मांडलं.
कागद म्हणतो अकरा नग.
चेहरे दोन, ढाल, स्टँड, काडीवरची उल्का,
दोन मुठी, दोन पकडीचे हात,
आणि उघडा पंजा: एक. उजवा.
खोकं झटकलं. फडकं झटकलं. पुन्हा मोजलं.
दहा.

विकणाऱ्या खांबेट्याला फोन लावला.
म्हणाला, "मुठी आहेत ना? हिरो आहे तो.
त्याला मुठीच लागतात."

वाजिद जिन्यातून वर आला,
"दादा, काय करूलालाव? हरंगुळच्या गुरुजींची कवळी
सकाळी द्यायचीय की."
"करूलालो," म्हटलं,
आणि उजव्या पंज्याचा साचा घेतला.
उजव्याच्या साच्यातून उजवाच निघतो
एवढं कळायला दोनदा पावडर घालवली,
वीस वर्षं या धंद्यात काढून.

शेवटी मेण घेतलं. समोर नमुना म्हणून
माझाच डावा हात दिव्याखाली धरला
आणि एका हातानं कोरत बसलो.
पॉलिशच्या मोटारीनं एकदा करंगळी ओढली होती,
ती अजून सरळ होत नाही.
त्याचीही झाली नाही.
रंग दुसरा नव्हता, हिरडीचाच होता.
गुरुजींच्या कवळीसोबत एकाच पातेल्यात
दोघं उकळले.
नळ आठव्या दिवशी येतो, पाणी वेगळं कुठून आणू.

रात्री एकला मनगटात खुंटी बसली, टक्.
निळं अंग, सोनेरी पट्टा,
आणि डावीकडं एक गुलाबी पंजा,
वाकड्या करंगळीचा.

खांबेट्यानं विचारलं होतं, दहापैकी किती?
साडेसहा कळवले.
मानेचे, दातांचे, हरवलेल्या नगाचे कापले.
नव्या हाताचं काही बोललो नाही.

सकाळी गुरुजी खुर्चीत.
कवळी बसवली. "मोजा," म्हटलं, "मोठ्यानं."
एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट,
टाळूला जीभ अडकायची तिथं अडकली.
"किंचित टोचूलालंय," म्हणाले.
मी मोटार चालू केली.
फळी थरथरली, साचे थरथरले,
आणि वर कोपऱ्यात, पंजा पुढं धरून,
तो हो म्हणत राहिला
मोटार बंद होईपर्यंत.